सात नंबरचा नवरदेव

हेवी लायसन हातात आलं त्या दिवशी ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "आता काय, कंपन्या तुझ्यामागे लागतील." मास्तरांचं काय जातं बोलायला! पुढचे तीन महिने तोच कंपन्यांच्या मागे लागला होता, आणि कंपन्या त्याला गेटच्या आत घ्यायला तयार नव्हत्या.

जिथे जावं तिथे खिडकीमागून एकच प्रश्न यायचा. "अनुभव किती?" नाही म्हटलं की खिडकी बंद. एका ठिकाणी त्याने धीर करून विचारलं, "साहेब, पण कोणी नोकरीच दिली नाही तर अनुभव येणार कुठून?" आतला माणूस मनापासून हसला, बरोबर बोललात म्हणाला, आणि मग त्यानेही खिडकी लावून घेतली.

बारा वर्षं तो बुटांच्या दुकानात लोकांच्या पायाशी बसला होता. दुकान बंद पडलं तेव्हा बायको त्याला घेऊन माहेरी राहायला आली. सासरे शिंपी. दोन खोल्या, त्यातल्या पुढच्या खोलीत मशीन आणि कापडाचे ढीग. घरजावयाला वाईट वागवतात असं लोक म्हणतात, पण इथे उलट होतं. सासरे त्याला पहिली पोळी वाढायचे, आवाज चढवून कधी बोलायचे नाहीत. फक्त रोज सकाळी गळ्यात टेप अडकवून मशीनवर बसता बसता विचारायचे, "आज कुठे, जावईबापू?" एवढंच. त्या तीन शब्दांनी तो हातातली पोळी अर्धी ठेवून उठायचा.

"बाबांचं मनावर घेऊ नका," बायको म्हणायची. "सवयीने विचारतात."

"सवयीनेच तर विचारतात," तो म्हणायचा.

अशात एक दिवस टायरच्या दुकानाबाहेर खांबावर त्याला चिठ्ठी दिसली. हाताने लिहिलेली. "ट्रकला ड्रायव्हर पाहिजेत. नवीन चालतील." खाली पत्ता. खरं तर त्या शेवटच्या दोन शब्दांपाशी माणसाने थांबायला हवं. सगळा बाजार नाही म्हणत असताना एकच दुकानदार हात धरून आत ओढत असेल, तर आधी त्याच्या मालाकडे बघावं. पण गरजवंताला अक्कल नसते असं उगाच म्हणत नाहीत. त्याने पत्ता तोंडपाठ केला आणि दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, बूट चमकवून निघाला.

डोंगराच्या माथ्यावर खडी फोडण्याचा कारखाना होता. वर दगड फुटायचा, ट्रकमध्ये भरायचा आणि आठ किलोमीटर उतार उतरून खाली बंदरावर जायचा. ट्रक एकूण सात. सगळीकडे पांढरी धूळ. झाडांच्या पानांवर, ऑफिसच्या काचेवर, माणसांच्या भुवयांवरसुद्धा. गेटवर एक पाय ताठ असलेला, काठी टेकणारा वॉचमन होता. त्याने लायसन बघायला मागितलं नाही, याला फक्त वरपासून खालपर्यंत बघितलं आणि बाजूला झाला.

मुकादमाने लायसन उलटंसुलटं केलं आणि परत दिलं. गाडी चालवून दाखव म्हणाला नाही. मागे घेऊन दाखव म्हणाला नाही. "कधीपासून येताय?" असं विचारलं. येताय! तीन महिन्यांत त्याला कोणी अहोजाहो केलं नव्हतं.

"अनुभव नाहीये माझ्याकडे," त्याने आपण होऊन सांगितलं. नंतर कटकट नको.

"तो इथे मिळेल," मुकादम म्हणाला. "सहा महिने भरले की दाखला देतो. शिक्क्याचा. तो घेऊन कुठेही जा. सहाच्या आत सोडलं तर काही मिळत नाही."

तो बाहेर आला तर शेडखाली चहा पीत बसलेले ड्रायव्हर उभे राहिले. सगळे! एकाने खुर्ची पुढे केली, एकाने आपल्या हातातला चहा त्याला दिला. "नवरदेव आला रे!" कोणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. सगळ्यात जोरात हसला तो एक काडीसारखा बारीक माणूस. त्याला काडीच म्हणत. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याने खिशातून एक चावी काढली, नवरदेवाच्या हातात ठेवली आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला.

"सात नंबर," काडी म्हणाला. "तुझी."

माणसं काय प्रेमळ आहेत, नवरदेवाला वाटलं. त्या दिवसापासून यार्डात त्याला दुसरं नाव राहिलं नाही.

काडीने त्याला गाडीपाशी नेलं आणि उतार शिकवला. गेटबाहेर पाण्याची टाकी, टाकीनंतर उतार सुरू. तिथपासूनच दुसरा गिअर. कितीही हळू वाटलं तरी दुसराच. पहिली दोन वळणं ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही. तिसरं वळण उलटं फिरतं, तिथे ब्रेक लागतोच, पण एकदम दाबून धरायचा नाही, थोडा थोडा द्यायचा. तिथे काही झालंच तर डाव्या हाताला वाळूचा ढीग आहे, सरळ त्यात घालायची.

"काही झालंच तर म्हणजे?"

"अरे, रीत म्हणून सांगायचं असतं," काडी म्हणाला आणि पाठ फिरवून जवळजवळ पळतच गेला. त्याला त्या दिवसापासून दोन नंबर मिळाला होता.

पहिली खेप नवरदेव उतरला ती कशी उतरला हे त्याला नंतरही नीट आठवलं नाही. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन विव्हळत होतं, मागे सोळा टन खडी होती, आणि तिसऱ्या वळणावर त्याने ब्रेकवर पाय ठेवला तर पाय नुसता खाली गेला. काही नाही. परत दाबला. काही नाही. तिसऱ्यांदा कुठे गाडीने मान खाली घातली आणि वळण सुटता सुटता राहिलं. वाळूचा ढीग डाव्या खिडकीला घासून गेला. खाली बंदरावर गाडी रिकामी होईपर्यंत तो स्टिअरिंग धरून बसला होता, कारण बोटं सुटत नव्हती.

तो वर परतला तेव्हा गेटपाशी सगळे ड्रायव्हर उभे होते. गाडी आत आली तसे ते आपापल्या कामाला पांगले.

संध्याकाळी त्याने मिस्त्रीला गाठलं. मिस्त्री म्हातारा, तेलकट, खोटं बोलायचा कंटाळा असलेला माणूस. सात नंबरचा पंप दमलाय, नळीतून हवा झिरपते, आणि या गाड्यांचे ब्रेक हवेवर चालतात, असं त्याने सरळ सांगितलं. हवा टिकत नाही, म्हणून ब्रेक टिकत नाही.

"मग बदला ना पंप!"

"मागवलाय."

"कधी?"

"मी इथे यायच्या आधीच कोणीतरी मागवला होता," मिस्त्री म्हणाला. "मीही अधूनमधून मागवतो."

मग त्याने यार्डाची रीत सांगितली. सात नंबर ज्याच्या गळ्यात, तो नवरदेव. दुसरा नवा येईपर्यंत ती त्याची. नवा आला की चावी त्याच्या हातात द्यायची आणि आपण चांगल्या गाडीवर जायचं. प्रत्येकाने हे केलंय. वॉचमनही त्यातलाच, फक्त त्याच्या वेळी वाळूचा ढीग नव्हता. ढीग त्याच्यानंतर टाकला.

"आधी सांगितलं का नाही मला कोणी?"

"सांगितलं असतं तर तू गेला असतास. मग चावी परत काडीकडे. काडीला दोन पोरं आहेत."

"आणि माझं काय?"

मिस्त्रीने हात पुसले. "तुला अजून नाहीत ना?"

घरी जाताना त्याने ठरवलं होतं, उद्यापासून बंद. गेली नोकरी खड्ड्यात. पण दार उघडलं तर सासरे टेप घेऊन उभेच होते. "हात वर करा, जावईबापू," म्हणाले आणि छातीचं माप घेतलं. ड्रायव्हरला दोन शर्ट तरी हवेत, खिसे मोठे, गडद रंग, धूळ दिसायला नको. त्या माणसाने त्याच्यासाठी आजवर रुमालसुद्धा शिवला नव्हता. बायको दाराला टेकून हसत होती. त्याने हात वर केले, आणि नोकरी सोडतोय हे सांगायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

सहा महिने, त्याने मनाशी म्हटलं. दिवसाला दोन खेपा. सहा महिने जिवंत राहायचं आणि शिक्क्याचा कागद घेऊन चालू पडायचं.

माणूस कशालाही सरावतो म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. त्याचे हातपाय जागेपणी सरावले, झोपेत नाही. रात्री जेवून आडवा झाला की उजवा पाय आपोआप चादर ढकलायचा. "झोपेत ब्रेक मारता तुम्ही," बायको म्हणाली. तिला गंमत वाटली होती. सासरे आता सकाळी विचारायचे, "आज किती खेपा?" आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

पण हळूहळू त्याला दुसरंच एक व्यसन लागलं. तो गेटकडे बघायला लागला. कोणी पायी वर येताना दिसलं की तो चहा अर्धा टाकून उठायचा. कधी खडी मागायला आलेलं गिऱ्हाईक, कधी पत्ता चुकलेला. नवा ड्रायव्हर येत नव्हता. चौथ्या महिन्यात तो मुद्दाम टायरच्या दुकानावरून गेला, तर खांबावरची चिठ्ठी फाटून लोंबत होती. म्हणून कोणी येत नाही! त्याने दुकानातून मार्कर मागून घेतला, नवा पुठ्ठा घेतला आणि स्वतःच्या हाताने मोठ्या ठळक अक्षरांत लिहिलं. "नवीन चालतील" याच्याखाली दोन रेघा ओढल्या. घरी येऊन हात तीनदा धुतले. काळी शाई होती, निघायला वेळ लागणारच, असं त्याने स्वतःला समजावलं.

साडेचार महिने झाले त्या आठवड्यात ती आली.

चढ चढून येणारी बाई त्याने लांबूनच ओळखली. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये दोघं एकाच बॅचला होते. सगळी बॅच तिला ताईच म्हणायची, ती त्याच्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी. गाडी मागे घ्यायच्या परीक्षेत एकदा नापास झाली तेव्हा सगळ्यांसमोर स्वतःवरच हसली होती, आणि दुसऱ्यांदा मास्तरांपेक्षा सफाईने घेतली होती. घरी दोन शाळकरी मुली आणि आई. नवरा कधीच सोडून गेलेला.

"अरे, तू इथे!" ती लांबूनच ओरडली. "मग तर बरंच झालं की!"

मुकादमाने लायसन बघून परत दिलं. शेडखालचे सगळे उठले. खुर्ची आली, चहा आला. "नवरदेव आला रे!"

"नवरदेव? मी?" ती हसून हसून लाल झाली. "बघा बाई, या वयात!"

सगळे त्याच्याकडे बघत होते. चावी त्याच्या खिशात होती. काडीने नुसती मान हलवली, दे म्हणून. चावीवर मूठ आवळून तो उठला आणि म्हणाला, "ताई, जरा इकडे ये."

त्याने तिला सात नंबरच्या मागे नेलं आणि सगळं सांगून टाकलं. हवा, पंप, तिसरं वळण, वॉचमनचा पाय, नवरदेवाची रीत. टायरच्या दुकानावरचा पुठ्ठा आपणच लिहिला हेसुद्धा. हिशोब त्याने मनात केला होता. ती जाईल, चावी आपल्याकडेच राहील, अजून दीड महिना, काय व्हायचं ते होईल. निदान हिच्या मुलींच्या तोंडाकडे बघायची वेळ येणार नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला आपण माणूस असल्यासारखं वाटलं.

ताईने सगळं ऐकून घेतलं. चहाचा कप खाली ठेवला.

"झालं सांगून?"

"झालं."

"पंधरा ठिकाणी फिरले मी. चौदा ठिकाणी अनुभव विचारला. पंधराव्या ठिकाणी विचारलं, घरात कोणी पुरुष नाही का." ती गाडीच्या चाकाकडे बघत होती. "तू साडेचार महिने चालवलीस ना? मेलास?"

"नाही."

"मग मला शिकव."

"ताई, अगं—"

"नको सांगू. बाकीच्यांनी फसवून दिली, तू सांगून देतोयस. एवढं बास झालं." तिने हात पुढे केला.

नाही म्हणायला हवं होतं. मूठ उघडायची नाही, बस, एवढंच करायचं होतं. पण त्याच्या अंगातून काहीतरी उतरून गेलं आणि त्याला हलकं वाटलं. इतकं हलकं की त्याची त्यालाच लाज वाटली, आणि लाज वाटूनही हलकंच वाटत राहिलं. त्याने चावी दिली.

मग मात्र त्याने जीव ओतून शिकवलं. काडीने उभ्याउभ्या पाच मिनिटांत उरकलं होतं, याने तासभर लावला. टाकीपासून दुसरा गिअर. दोन वळणं पाय लांब. तिसऱ्यावर थोडा थोडा. वाळू डावीकडे. ताईने पिशवीतून मुलीची जुनी वही काढून सगळं लिहून घेतलं, त्याला म्हणून दाखवलं, दोनदा. तिसऱ्यांदा त्याने वही न बघता म्हणायला लावलं. एक शब्द चुकला नाही. "मास्तर झालास की रे," ती म्हणाली. फोन तिने पिशवीत टाकला, पिशवी सीटखाली सरकवली, शिकवलं होतं तसं.

त्याला पाच नंबर मिळाला. दोन्ही गाड्या एकदमच भरल्या. ताई पुढे, तो मागे. वजनकाट्यावर सात नंबर पुढे-मागे, पुढे-मागे करत नीट बसवावी लागली. मग त्याची पाळी. त्याने पाच नंबरचा ब्रेक दाबला आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. पहिल्याच दाबाला! त्याने परत सोडला, परत दाबला. तीनदा, चारदा. काट्यावरचा माणूस ओरडला, "काय खेळतोस!" त्याचे डोळे भरून आले होते.

ताई गेटबाहेर पडली. वॉचमनने तिला काठी उंच करून दाखवली. तोही बाहेर पडला आणि पाण्याच्या टाकीशी आला. तिथे त्याने गाडी कडेला घेतली, गिअर काढला, अॅक्सिलरेटर दाबला आणि डॅशबोर्डवरच्या हवेच्या काट्याकडे बघत थांबला.

काटा वरच होता. पाच नंबरची हवेची टाकी भरलेली होती.

मग आपण थांबलो कशाला?

हे थांबणं काडीने शिकवलं नव्हतं. हे कोणीच शिकवलं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात त्याचं त्यालाच सापडलं होतं, की वजनकाट्यावर पुढे-मागे करताना ब्रेक दाबून दाबून सात नंबरची सगळी हवा संपते, आणि पाण्याच्या टाकीपाशी दोन मिनिटं थांबून इंजिन घुमवलं की तिसऱ्या वळणापुरती भरते. म्हणून तो साडेचार महिने जगला होता. दुसऱ्या गिअरमुळे नाही, थोड्या थोड्या ब्रेकमुळे नाही. पण रोज दोनदा करून ते पायात इतकं मुरलं होतं की ते सांगायची गोष्ट आहे हेच डोक्यात आलं नाही. घरात शिरताना चपला काढायच्या असं कोणी कोणाला सांगतं का? आणि हवा कमी झाली की बझर वाजतो असं स्कूलमध्ये शिकवतात. ताई त्याचीच वाट बघणार. सात नंबरचा बझर सतत वाजायचा म्हणून कोणीतरी त्याची वायर कधीच कापून टाकली होती.

त्याने खाली बघितलं. सात नंबर न थांबता पुढे गेली होती, पहिलं वळण घेत होती. दुसऱ्या गिअरमध्ये, संथ, अगदी सांगितलं तशी. ब्रेकचा लाल दिवा लागलेला नव्हता. तिला काडीमात्र दोष देता आला नसता.

त्याने हॉर्नवर हात ठेवला आणि काढलाच नाही. खिडकीतून अर्धा बाहेर वाकून तो ओरडला, "ताई! थांब! ढिगात घाल! वाळूत घाल गाडी!" इंजिनच्या आवाजात त्याचं त्यालाही ऐकू आलं नाही. हॉर्न मात्र डोंगरभर घुमला.

खाली सात नंबरच्या खिडकीतून एक हात बाहेर आला. ताईने तो उंच केला आणि निरोप घेतल्यासारखा हलवला, आनंदाने, दोन-तीनदा. मग उत्तर म्हणून तिनेही हॉर्न दिला. वॉचमन काठी टाकून टाकीपर्यंत धावत आला होता, ताठ पायाने.

सात नंबर दुसऱ्या वळणावर कड्याआड गेली. तिसरं वळण तिथून दिसत नव्हतं.